कोऱ्या जागेला हिरवा रंग देऊ नका

प्रति,
खाणपट्ट्यांतल्या जमिनीच्या खचणीचे अहवाल मागवणारे, तयार करणारे आणि त्यांवर सही करणारे सर्वजण : खाण व्यवस्थापक, खाण सर्वेक्षक, सुरक्षा नियामक आणि रडार-प्रक्रियेतले माझे सहकारी

विषय : उपग्रही रडारच्या नकाशात ‘हालचाल नाही’ आणि ‘मोजता आलं नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या दाखवण्याबाबत

महोदय, महोदया,

तुमच्या टेबलावर येणारा खचणीचा नकाशा बहुधा तीन रंगांत असतो. हिरवा म्हणजे स्थिर, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे जमीन खाली चाललीय. असे नकाशे करणं हे माझं रोजचं काम आहे. हे पत्र त्यातल्या हिरव्या रंगाबद्दल आहे, कारण त्यातला काही हिरवा आम्ही न मोजताच भरलेला असतो.

आधी माझी कबुली. या कामात नवी होते तेव्हा एका भूमिगत कोळसा खाणीवरचा वर्षभराचा नकाशा मी केला होता. लाँगवॉलच्या, म्हणजे कोळशाचा थर सलग कापत न्यायच्या पद्धतीच्या, एका पॅनेलभोवती (खणायच्या पट्ट्याभोवती) पिवळी कड छान उमटली होती, मध्ये मात्र रडारला काहीच वाचता आलं नव्हतं. मध्ये भोक असलेला नकाशा अर्धवट वाटतो, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. सॉफ्टवेअरमध्ये अशी भोकं बुजवायची सोय असते. कडेच्या आकड्यांवरून मधले आकडे अंदाजाने काढले जातात आणि रंग भरला जातो. मी ती सोय वापरली. नकाशा देखणा झाला, अहवाल गेला, कुणी काही विचारलं नाही.

काही महिन्यांनी खाणीवरचे एक जुने सर्वेक्षक लेव्हल बुक, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांच्या उंचीच्या नोंदींची वही, घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. वहीतल्या एका खुंटीच्या नंबरावर बोट ठेवून म्हणाले, “मॅडम, या खुंटीला तुमच्याकडे किती आलंय?” मी बघितलं. सहा सेंटीमीटर. त्यांनी वही माझ्याकडे वळवली. पेन्सिलीने लिहिलेला आकडा साठच्या वर होता. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि तोच इतकी वर्षं डोक्यात बसला आहे : “मग हे सहा आले कुठून?”

ते कुठूनच आले नव्हते. सॉफ्टवेअरने शेजारपाजारी विचारून आणले होते.

ही चूक माझ्या नवखेपणाची असती तर पत्र लिहायचं कारण नव्हतं. पण त्यानंतर दुसऱ्यांचे अहवाल तपासताना हीच गोष्ट वारंवार दिसत आली आहे. कधी भोक बुजवलेलं असतं. कधी न मोजलेल्या जागेला शून्य लिहून टाकलेलं असतं आणि शून्याचा रंग हिरवा असतो. कधी खालचा उपग्रहाचा फोटोच हिरवागार असतो आणि बिंदू नसलेली जागा नजरेला स्थिर वाटते. वाचणाऱ्याला यातलं काहीच कळायला मार्ग नाही.

हे घडतं का, ते समजायला रडार मोजतं कसं हे थोडं बघावं लागेल. सर्वेक्षकांना आणि सहकाऱ्यांना हे पाठ आहे, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील. सही करणाऱ्यांनी मात्र सोडू नयेत.

उपग्रह जमिनीकडे मायक्रोवेव्ह लहर सोडतो आणि परत आलेली लहर टिपतो. ती कोणत्या टप्प्यावर असताना परतली, म्हणजे तिची फेज काय होती, याची नोंद होते. काही दिवसांनी तो जवळजवळ त्याच जागेवरून पुन्हा जातो आणि पुन्हा नोंद घेतो. दोन नोंदींमधल्या फेजच्या फरकावरून जमीन उपग्रहापासून किती लांब गेली किंवा जवळ आली हे निघतं. युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची लहर सुमारे ५.६ सेंटीमीटर लांबीची आहे. लहर जाते आणि येते, म्हणून जमीन २.८ सेंटीमीटर सरकली की फेजचा एक फेरा पूर्ण होतो आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. तासकाटा नसलेल्या घड्याळासारखं हे आहे. मिनिटकाटा बारावर दिसला, पण एक तास गेला की चार, हे काटा सांगत नाही.

फेरे मोजायचा उपाय म्हणजे शेजाऱ्यावरून शेजाऱ्याकडे जाणं. या पिक्सेलपासून त्या पिक्सेलपर्यंत फरक लहान असेल असं धरायचं आणि एकेक पाऊल टाकत कडेपासून मध्यापर्यंत पोचायचं. शेजारच्या दोन बिंदूंत उपग्रहाच्या दोन भेटींदरम्यान लहरीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा, म्हणजे सुमारे १.४ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक पडला की हा आधार सुटतो. उपग्रह दर १२ दिवसांनी येत असेल तर ही मर्यादा वर्षाला सुमारे ४२ सेंटीमीटर पडते, दर ६ दिवसांनी येत असेल तर सुमारे ८४. शहरातल्या एखाद्या संथ खचणाऱ्या वस्तीला हे भरपूर झालं. खाणीचं गणित निराळं आहे. लाँगवॉलमध्ये कोळशाचा थर काढून मागचं छत पडू दिलं जातं, पडलेल्या दगडांनी भरलेली ती जागा म्हणजे गोफ. पॅनेल पुरेसं रुंद असेल तर वरची जमीन काढलेल्या थराच्या निम्म्याहूनही जास्त खचू शकते, आणि त्यातला मोठा हिस्सा फेस, म्हणजे कोळसा कापायची आघाडी, खालून पुढे सरकतो त्या काळातच उरकतो. तीन मीटरचा थर काढला असेल तर हिशेब मीटरमध्ये जातो. इंटरफेरोग्रामवर, म्हणजे फेजच्या फरकाच्या रंगीत चित्रावर, हे डोळ्यांनी दिसतं : कडेला रंगांची वर्तुळं मोकळी, सुटी सुटी, आत जाता जाता दाटीवाटीने, आणि मग नुसती रंगीत रेती. त्या रेतीत मोजण्यासारखं काही उरत नाही.

म्हणजे जमीन जिथे सर्वांत जास्त आणि सर्वांत वेगाने खचते, नेमकी तीच जागा रडारला वाचता येत नाही. नकाशातली भोकं कुठेही पडत नाहीत, ती खड्ड्याच्या तळाशी पडतात. आणि कडेचे लहान आकडे घेऊन तळ भरला की उत्तर कमीच येणार. सॉफ्टवेअरने एखादा फेरा चुकवला तर तेही बहुतेक वेळा कमीच्या बाजूला चुकतं, कारण त्याला लहान फरक पसंत करायला शिकवलेलं असतं. मोजमापात चुका असतातच, पण इकडच्या तिकडच्या चुका एकमेकींना सांभाळून घेतात. ही चूक एकाच बाजूला झुकलेली आहे, आणि ती बाजू खाण चालवणाऱ्याच्या सोयीची आहे. यात कुणाचा डाव आहे असं मी म्हणत नाही. डाव नसतानाही निकाल तोच लागतो, इतकंच.

वेगामुळे पडणारी भोकं ही एक जात. दुसरी जात जमिनीच्या रूपाची. पीक वाढलं, कापलं गेलं, पानं हलली, ओव्हरबर्डनच्या (कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या) ढिगाऱ्यावर नवा थर पडला, खड्ड्यात पाणी साचलं, की दोन वेळच्या प्रतिध्वनींचा एकमेकांशी मेळ राहत नाही. हा मेळ मोजायचा आकडा म्हणजे कोहेरन्स, शून्य ते एक. तो खाली गेला की फेजवर भरवसा ठेवता येत नाही. जुन्या, सोडून दिलेल्या कामांवर कित्येकदा झाडी माजलेली असते, आणि तिथेच जुने पिलर, म्हणजे छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांब, हळूहळू झिजत असतात. तिथे नकाशा गप्प असेल तर त्याला शांतता समजू नका.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये सेंटिनेल-१ च्या जोडीतला सेंटिनेल-१बी बिघडला आणि पुन्हा कामाला लागला नाही. जिथे दोन उपग्रह मिळून सहा दिवसांनी चित्र मिळत होतं, तिथे ते बारा दिवसांनी मिळू लागलं. वर सांगितलेली वेगाची मर्यादा निम्म्यावर आली. खाण तीच, सॉफ्टवेअर तेच, तरी नकाशातली कोरी जागा वाढायला हवी. ज्यांनी कोरी जागा कोरी ठेवली त्यांना ती वाढलेली दिसली असेल. ज्यांनी बुजवली त्यांच्या नकाशात २०२२ पासून खचण मंदावली! तुमच्याकडे अशा दोन्ही काळांतले अहवाल असतील तर शेजारी शेजारी ठेवून बघा. खचण कमी झाल्याचं श्रेय खाणकामाच्या पद्धतीला देण्याआधी उपग्रहाची हजेरी तपासा.

हे वाचून कुणी म्हणेल, मग रडारचा नाद सोडून द्या. तसं करू नका. मी याच कामावर पोट भरते, पण तेवढ्यासाठी म्हणत नाही. १९७८ च्या सीसॅट उपग्रहाची चित्रं वापरून कॅलिफोर्नियातल्या इम्पिरिअल व्हॅलीच्या शेतांत पाणी दिल्यावर जमीन किती फुगली हे १९८९ मध्ये दाखवलं गेलं, तिथून हे शास्त्र सुरू झालं. फ्रान्समधल्या गार्दान या कोळसा खाणीवरची खचण १९९० च्या दशकातच अंतराळातून मोजून झाली. खाण बंद झाल्यावर पंप थांबतात, भूजल पुन्हा वर चढतं आणि वर्षानुवर्षं खचलेली जमीन किंचित उचलली जाते. हे नेदरलँड्सच्या दक्षिण लिम्बुर्गमध्ये आणि जर्मनीच्या रूर खोऱ्यात मोजलेलं आहे. खाणीला कुलूप लागल्यावर लेव्हलिंग करायला कुणी जाईलच असं नसतं. अशा वेळी रडार हा मोलाचा साक्षीदार ठरतो.

चालू खाणीवरही कडेचं मोजमाप रडारइतकं दुसऱ्या कशाने होत नाही, आणि कड ही दुय्यम गोष्ट नाही. खचण पॅनेलच्या हद्दीत थांबत नाही. थराच्या कडेपासून वरच्या दिशेने बाहेर झुकत ती पसरते, आणि खोली जितकी जास्त तितकी ती लांब पोचते. घराच्या भिंतींना तडे जातात ते बऱ्याचदा या कडेवर, कारण मध्यावरची जमीन दाबली जाते आणि कडेची ताणली जाते. सगळं घर एकसारखं खाली गेलं तर ते तग धरू शकतं, एक कोपरा आधी गेला की भिंत फाटते. लेव्हलिंगच्या खुंट्या सहसा पॅनेलवरून एका सरळ ओळीत असतात. त्या ओळीच्या बाजूला दोनशे मीटरवर काय चाललंय ते खुंट्यांना दिसत नाही, रडारला दिसतं. तेव्हा कडेला रडारवर विश्वास ठेवा आणि तळाला खुंटीवर. दोन्ही हातांनी धरलं तरच पूर्ण खड्डा हाती लागतो.

आता दिशेबद्दल, कारण इथेही एक शांतपणे चालणारी गडबड आहे. रडार सरळ खाली बघत नाही, तिरकं बघतं. सेंटिनेल-१ चा कोन उभ्या रेषेपासून साधारण २९ ते ४६ अंश असतो. आम्हाला मिळतो तो आकडा त्या तिरक्या रेषेवरचा. बरेच अहवाल त्याला कोनाच्या कोसाइनने भागतात आणि ‘उभी खचण’ म्हणून छापतात. जमीन फक्त खालीच गेली असती तर ते बरोबर ठरलं असतं. खाणीवरची जमीन मात्र खाली जाते आणि त्याच वेळी खड्ड्याच्या मध्याकडे ओढलीही जाते.

एक घर घ्या, खड्ड्याच्या पूर्व कडेचं. त्याखालची जमीन ५ सेंटीमीटर खाली गेली आणि मध्याकडे, म्हणजे पश्चिमेला, ४ सेंटीमीटर सरकली. रडारचा कोन ३९ अंश, आणि सोयीसाठी ते नेमकं पूर्व-पश्चिम बघतंय असं धरू. दक्षिणेकडून उत्तरेला जाताना उपग्रह या घराकडे पश्चिमेच्या बाजूने बघतो. खाली गेल्यामुळे घर त्याच्यापासून ३.९ सेंटीमीटर दूर गेलं, पश्चिमेला सरकल्यामुळे २.५ सेंटीमीटर जवळ आलं. वजाबाकी १.४. कोसाइनने भागलं की अहवालात १.८ सेंटीमीटर खचण. उत्तरेकडून दक्षिणेला येताना तोच उपग्रह पूर्वेच्या बाजूने बघतो. आता दोन्ही हालचाली दूर नेणाऱ्या, बेरीज ६.४, आणि अहवालात ८.२ सेंटीमीटर. घर एक, महिना एक, उपग्रह एक. खरा आकडा ५. कंपनीने पहिल्या मार्गाचा नकाशा मागवला आणि घरमालकाने दुसऱ्या मार्गाचा, तर दोघं सुनावणीत कागद फडकावत भांडतील, आणि दोघांपैकी कुणीही खोटं बोललेलं नसेल.

दोन्ही मार्गांची मोजमापं एकत्र मांडली की उभी आणि पूर्व-पश्चिम हालचाल वेगळी काढता येते. युरोपातल्या कोपर्निकस कार्यक्रमाच्या भूहालचाल सेवेत ही वेगळी केलेली माहिती कुणालाही फुकट बघता येते, आणि जिथे मोजता आलं नाही तिथे तिथल्या नकाशावर काहीच नसतं. उत्तर-दक्षिण हालचाल मात्र दोन्ही मार्गांना जवळजवळ दिसत नाही, कारण उपग्रह ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरतात आणि बाजूला बघतात. खड्ड्याच्या उत्तर आणि दक्षिण कडेवर राहणाऱ्यांची आडवी सरक म्हणूनच आमच्या नकाशात येत नाही. तिथे जमिनीवरचं जीएनएसएस केंद्र, म्हणजे जीपीएससारख्या उपग्रहांवरून स्वतःची जागा मोजणारं केंद्र, हवं. ही ओळ किती अहवालांत छापलेली असते?

संदर्भबिंदूचंही तसंच. रडारचे सगळे आकडे सापेक्ष असतात. आम्ही एक जागा निवडतो, ती हलत नाही असं ठरवतो आणि बाकी सगळं तिच्या तुलनेत लिहितो. खाणपट्ट्यात न हलणारी जागा शोधणं अवघड असतं. शेजारच्या खाणीच्या खड्ड्याच्या कडेवर संदर्भबिंदू पडला आणि तो महिन्याला अर्धा सेंटीमीटर खाली जात असेल, तर तुमच्या नकाशातला प्रत्येक बिंदू अर्ध्या सेंटीमीटरने बरा दिसतो. संदर्भबिंदू कुठे घेतला आणि का घेतला, हे अहवालाच्या पहिल्या पानावर असलं पाहिजे. मला तो बऱ्याचदा परिशिष्टात शोधावा लागला आहे, काही वेळा तिथेही मिळालेला नाही.

जाता जाता एक लहानशी गोष्ट, फक्त सहकाऱ्यांसाठी. फेजमधून डोंगर-दऱ्यांचा हिस्सा वजा करायला आपण उंचीचं प्रारूप वापरतो, आणि अजूनही अनेकदा ते फेब्रुवारी २००० मधल्या अवकाशयान मोहिमेचं असतं. त्या फेब्रुवारीत आजचा ओपनकास्ट (उघड्या खाणीचा) खड्डा नव्हता, आजचे ढिगारे नव्हते. सेंटिनेलच्या कक्षा एकमेकींच्या जवळ असल्याने चूक लहान राहते, पण शंभर मीटरच्या ढिगाऱ्याला सपाट जमीन समजून केलेल्या हिशेबाला मिलिमीटरची अचूकता लावणं मला तरी हसू आणतं.

मिलिमीटरवरून आठवलं. ‘वर्षाला एक मिलिमीटर अचूकता’ हा दावा तुम्ही निविदांमध्ये वाचला असेल. तो खोटा नाही, पण त्याचं घर वेगळं आहे. शहरातल्या काँक्रीट आणि लोखंडाच्या इमारती, वर्षानुवर्षांची शेकड्याने चित्रं, आणि संथ, एकसारखी हालचाल, अशा ठिकाणी तो खरा ठरतो. २००१ मध्ये मिलानच्या संशोधकांनी मांडलेली कायमस्वरूपी परावर्तकांची पद्धत याच जमिनीवर वाढली. खाणीवरची हालचाल वेगवान असते, मध्येच सुरू होते, मध्येच थांबते, आणि जमीन बहुधा उघडी किंवा झाडाझुडपांची असते. दोन तारखांच्या एकाच जोडीतला हवेतल्या बाष्पाचा फरकही सेंटीमीटरांची लबाडी करू शकतो. निविदेत तो एक मिलिमीटर लिहिला की ठेकेदारावर सुबक आकडे देण्याचं ओझं येतं, आणि सुबक आकडे देण्यासाठी भोकं बुजवावी लागतात. म्हणून निविदा लिहिणाऱ्यांनाही मी या पत्रात धरलं आहे.

नवा उपग्रह आला की हा प्रश्न मिटेल, असं अलीकडे वारंवार ऐकते. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार हा भारत-अमेरिकेचा रडार उपग्रह सुटला. त्याच्या एल-बँड रडारची लहर सुमारे २४ सेंटीमीटरची आहे. झाडोऱ्यातून ती जास्त चांगली आरपार जाते आणि एक फेरा २.८ ऐवजी सुमारे १२ सेंटीमीटरला पूर्ण होतो. माझ्यासारख्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पिकांमुळे आणि झाडीमुळे पडणारी बरीच भोकं याने खरोखर कमी होतील. पण शेजारच्या बिंदूंमधली मर्यादा चौपट झाली तरी ती सेंटीमीटरांतच राहते, आणि लाँगवॉलचा तळ मीटरमध्ये जातो. भोक लहान होईल, नाहीसं होणार नाही. मीटरभर हालचालीसाठी फेज सोडून चित्रातल्या खुणाच किती सरकल्या हे मोजायची पद्धत आहे. तिची अचूकता पिक्सेलच्या दहाव्या-विसाव्या भागाच्या आसपास असते, म्हणजे सेंटिनेलवर डेसिमीटरांच्या घरात. ती वापरावी, फक्त तिचे आकडे फेजच्या आकड्यांत बेमालूम मिसळून एकाच रंगपट्टीत दाखवू नयेत.

सुरक्षा नियामकांसाठी थोडं वेगळं लिहायचं आहे. रडारला धोक्याची घंटा समजण्याचा मोह होतो, आणि अशा घटना आहेतही. अमेरिकेत लुइझियानातल्या बायू कोर्न इथे मिठाच्या घुमटातली पोकळी ढासळून ऑगस्ट २०१२ मध्ये मोठं विवर पडलं. विमानातून घेतलेल्या एल-बँड रडारची आधीची चित्रं नंतर तपासली, तेव्हा विवर पडण्याच्या किमान एक महिना आधी जमीन २६ सेंटीमीटरपर्यंत सरकलेली सापडली, आणि ती सरक मुख्यतः आडवी होती. केवळ उभ्या खचणीचा नकाशा कुणी मागवला असता तर? दुसरी घटना याहून अस्वस्थ करणारी आहे. ब्राझीलमधल्या ब्रुमाडिन्हो इथलं लोहखनिजाच्या गाळाचं धरण २५ जानेवारी २०१९ ला फुटलं आणि २७० माणसं गेली. कारणं शोधणाऱ्या तज्ज्ञ समितीला उपग्रही रडारमध्ये संथ, बराच काळ चाललेली हालचाल दिसली, पूर्वसूचना म्हणावी असं काही दिसलं नाही. २०२१ मधल्या एका अभ्यासाने उपग्रहाची माहिती वेगळ्या पद्धतीने वाचून पूर्वखूण सापडल्याचं मांडलं. याचा अर्थ रडार निरुपयोगी आहे असा नाही. पण आधीच्या काळात बसून, उद्या काय होणार हे ठाऊक नसताना, त्या नकाशावर सही करणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

जुन्या बोर्ड अँड पिलर कामांवरची, म्हणजे कोळशाचे खांब सोडून मधला कोळसा काढलेल्या जागांवरची, जमीन अचानक विहिरीसारखी कोसळते तेव्हा बारा दिवसांनी येणारा उपग्रह काही सांगू शकेलच असं नाही. काही मिनिटांनी मोजणी करणारं रडार हवं असेल तर ते जमिनीवर उभं करावं लागतं. अमेरिकेतल्या बिंगहॅम कॅन्यन या तांब्याच्या खाणीत १० एप्रिल २०१३ ला डोंगराएवढी दरड कोसळली आणि कुणालाही इजा झाली नाही, कारण उताराची हालचाल जमिनीवरच्या उपकरणांनी सतत मोजली जात होती आणि माणसं आधीच बाहेर काढली होती. उपग्रहाचा नकाशा हिरवा आहे म्हणून असा खर्च वाचवता येतो, हा तर्क मी बैठकीत ऐकला आहे. तो हिरवा कुठून आला होता ते मी तेव्हा विचारायला हवं होतं.

तर मागणं असं आहे. मोजता न आलेली जागा नकाशावर करड्या तिरप्या रेघांनी दाखवा, आणि त्या रेघांना रंगपट्टीत स्वतःची चौकट द्या : ‘मोजमाप नाही’. भोक बुजवलेला नकाशा कुणाला हवाच असेल तर तो वेगळ्या पानावर जावा आणि त्यावर तसं लिहिलेलं असावं. मूळ तिरक्या रेषेवरचे आकडे, कोहेरन्सचा नकाशा, चित्रांच्या तारखा आणि संदर्भबिंदू हे सगळं अहवालाबरोबर फाइलच्या रूपात द्या, नुसत्या चित्रांत नको. हे द्यायला एक पैशाचा जास्त खर्च येत नाही, कारण ते आमच्या संगणकावर तयार पडलेलंच असतं.

लेव्हलिंगच्या खुंट्यांची जागा ठरवताना रडारचा नकाशा समोर घ्या आणि खुंट्या रेघांच्या जागेत ठोका. सध्या उलटं होताना मी बघते. रडारच्या आकड्यांची ‘पडताळणी’ म्हणून जिथे रडार चांगलं चालतं तिथल्याच खुंट्या निवडल्या जातात, दोन्ही आकडे जुळतात आणि अहवालात ‘उत्तम मेळ’ असं लिहिलं जातं. मेळ बसणारच. ज्या विद्यार्थ्याला फक्त येणारेच प्रश्न विचारले त्याला शंभर गुण मिळतात. आणि रडार आलं म्हणून लेव्हलिंगची माणसं कमी करायचा विचार कुणी करत असेल तर त्यांनी निदान माझ्या अहवालाचा दाखला देऊ नये.

नवीन पॅनेल सुरू करण्याआधीची दोन-तीन वर्षं मोजून ठेवा. सेंटिनेल-१ची चित्रं २०१४ पासून साठवलेली आहेत आणि फुकट आहेत, त्याआधीच्या युरोपीय उपग्रहांची चित्रं १९९० च्या दशकापासून आहेत. भिंतीचा तडा खाणीच्या आधीचा की नंतरचा हा वाद वर्षानुवर्षं चालतो, आणि त्याचं निदान अर्धं उत्तर त्या साठ्यात पडून असतं. तो साठा खाणीच्या वर राहणाऱ्यांनाही उघडा आहे, पण त्यांना तो वाचता येत नाही. म्हणून तयार नकाशा त्यांच्याही हातात पडला पाहिजे, तोच, सुनावणीसाठी वेगळा केलेला नव्हे.

नुकसानभरपाईच्या सुनावणीत बसणाऱ्यांना शेवटची विनंती. एखाद्याचं घर रेघांच्या जागेत येत असेल तर ‘उपग्रहाला तिथे खचण आढळली नाही’ हे वाक्य निकालात लिहू नका. वाक्य व्याकरणाला धरून आहे, अर्थाला नाही. उपग्रहाला तिथे काहीच आढळलं नाही, जमीनसुद्धा नाही. तिथे माणूस पाठवा, लेव्हल घेऊन.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतले अहवाल मी पुन्हा काढायला घेतले आहेत. मूळ फाइली सापडतील तेवढ्यांची भोकं उघडी करून, नव्या तारखेने, ज्यांना ज्यांना तेव्हा पाठवले होते त्यांना परत पाठवते आहे. पहिला गेला तो लेव्हल बुकवाल्या सर्वेक्षकांच्या खाणीचा. ते आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी दोन दिवसांत उत्तर दिलं : रेघांच्या जागेत त्यांच्याकडे अकरा खुंट्या आहेत, त्यातल्या चार गाडल्या गेल्यात, उरलेल्या सातांचं लेव्हलिंग पुढच्या आठवड्यात आहे, मला यायचं असेल तर यावं.

आपली,
रडारचे नकाशे करणारी एक